कांतीभाऊंनी पाहिलेले सामने

कांतीभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोनवर त्यांची नात मोक्षा होती. "आंटी, दादाजी गेले," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणाले. तोंडात आला तो शब्द बाहेर पडला. मग उरलेली जुडी निवडली, धुतली, चिरली, फोडणीला टाकली. बहिणीने विचारलं, "कोणाचा फोन?" म्हटलं, "जळगावच्या शेजाऱ्यांकडचा." जेवणं झाली. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. एवढी वर्षं ज्यांचं दार माझ्या दारासमोर होतं, ते माणूस गेलं आणि आपल्याला काहीच होत नाही, हे काही बरोबर नाही असं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

जळगावला आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. मी एकटी, सरकारी नोकरीतली. समोर त्यांचं भरलेलं घर: कांतीभाऊ, पुष्पाभाभी, मुलगा महेंद्र, सून आणि मोक्षा. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तीन-चार पिढ्या इथेच गेलेल्या. बाजारात त्यांचं दोर, सुतळी आणि ताडपत्रीचं दुकान होतं. रावेरकडचे केळीवाले ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या त्यांच्याकडून न्यायचे. कांतीभाऊ बुटके, गोरे, कायम इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. रस्त्यात दिसले तर कोणीही म्हणेल, दुकानदार आहे. ते खरंही होतं. पण त्यांचं अर्धं आयुष्य फुटबॉल पाहण्यात गेलं.

खेळले कधीच नाहीत. जिन्यात पोरांचा चेंडू पायाशी आला तरी वाकून हातानेच उचलून द्यायचे. मी एकदा विचारलं, "तुम्ही स्वतः कधी खेळला नाहीत का?" तर म्हणाले, "ताई, मिठाई सगळेच खातात. हलवाई किती असतात?"

सुरुवात कशी झाली ते त्यांनी मला अनेकदा सांगितलं होतं. मिसरूड फुटायच्या वयात वडिलांनी त्यांना माल पोचवायला भुसावळला धाडलं. रेल्वे कॉलनीच्या मैदानात सामना चालला होता. बघत उभे राहिले ते शेवटपर्यंत. परतीची गाडी गेली. उशिरा घरी पोचले तेव्हा वडिलांनी दारातच थोबाडीत मारली. "गाल दोन दिवस दुखला," ते सांगायचे, "पण सौदा स्वस्तात पडला."

गावात सगळे क्रिकेटवाले. त्यांना विचारलं की फुटबॉलच का, तर म्हणायचे, "क्रिकेटला सगळा देश आहे. याला आपल्या गावात मी आणि हमीद."

हमीदभाईंचं बॅटरीचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून होतं. तरुणपणी ते गोलकीपर होते, आणि त्या दिवसांची खूण म्हणून उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली होती. राहायला मेहरूणला. तिथल्या मैदानावर पोरं दोन बांबू रोवून खेळायची, आणि गोल झाला की नाही यावरून रोज भांडणं. एकदा हमीदभाईंनी ते भांडण सोडवताना मार खाल्ला. दुसऱ्याच दिवशी कांतीभाऊंनी दुकानातली निळी नायलॉनची दोरी घेतली, दोघांनी दुकानाच्या ओट्यावर बसून गाठी मारल्या आणि दोन जाळ्या तयार केल्या. जाळ्या लागल्या, भांडणं थांबली. आठवड्याभरात एक जाळी चोरीला गेली. हमीदभाईंनी वस्ती पालथी घातली तेव्हा ती एका घरामागे सापडली. कोंबड्या बाहेर पळू नयेत म्हणून त्या माणसाने खुराड्याभोवती बांधली होती. हमीदभाई भडकले. कांतीभाऊ जैन, मांस-मच्छीच्या दुकानावरून जाताना तोंड फिरवणारे. पण ते खुराड्यापाशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "राहू दे हमीद. काहीतरी अडवतेय ना." आणि दुसरी जाळी विणायला घेतली.

सामना पाहताना ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. मोकळे राहिले तर उडतात म्हणून. एकदा गोल झाल्यावर उडलेल्या हाताने शेजारच्या माणसाचा चष्मा फुटला होता, तेव्हापासूनची ही सवय. घरी टीव्हीसमोरही तसेच बसायचे. पुष्पाभाभी समोर चहा ठेवून म्हणायच्या, "हात काढा आता, चहा थंड होतोय." तर म्हणायचे, "थांब, कॉर्नर आहे."

वर्षातून दोनदा तरी ते दोघं बाहेर पडायचे. कलकत्ता, गोवा, केरळ. "जळगाव म्हणजे मैदानाचं मधलं वर्तुळ," कांतीभाऊ म्हणायचे, "इथून मारा, कुठेही जातं." गाडीत जागा मिळो न मिळो, त्यांचा डबा मात्र ठरलेला. सूर्यास्तानंतर ते खात नसत. खाकरे, मेथीचे ठेपले, शेव आणि लिंबाचं लोणचं. सामने बहुधा संध्याकाळचे. म्हणून सामना सुरू व्हायच्या आत, स्टेडियमच्या पायऱ्यांवर, एक डोळा सूर्याकडे ठेवून घाईघाईने ठेपले खाणारा हा माणूस केरळातल्या लोकांना मोठी गंमत वाटायचा. एकदा शेजारच्या माणसाने आपलं केळं सोलून त्यांच्या हातात दिलं. कांतीभाऊंनी ते उलटसुलट करून पाहिलं, खाल्लं आणि हमीदभाईंना म्हणाले, "चांगलं आहे. पण रावेरचं नाही."

हे सगळं मला कसं माहीत? कांतीभाऊ परत आले की दुसऱ्या सकाळी त्यांच्या घराचं दार उघडं असायचं. भाभी जमिनीवर बसून ताटात डाळ निवडत, कांतीभाऊ पाटावर, आणि माझं ऑफिसला निघायचं चाललेलं असायचं. भाभींना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कोण जिंकलं हेही त्या विचारत नसत. त्या विचारायच्या, "मग? बायका आल्या होत्या?"

"आल्या होत्या ना. कलकत्त्यात एक आजीबाई आमच्या पुढच्याच रांगेत. पूर्ण सामनाभर त्या गोलकीपरला शिव्या. त्याचं नाव घेऊन. बॉल दुसऱ्या टोकाला असला तरी शिव्या त्यालाच."

"का हो?"

"मध्यंतरात हमीदने विचारलं. तर तो गोलकीपर म्हणे त्यांच्याच घरात भाड्याने राहतो. सकाळी नळ उघडा टाकून जातो."

भाभी ताट बाजूला ठेवून हसायच्या. मग विचारायच्या, साडी कशी होती, काय खात होती, मग शेवटी त्यांची भेट झाली का. कांतीभाऊंना सगळं माहीत असायचं. मी एकदा पायात चपला सरकवता सरकवता विचारलं, "पण स्कोअर काय झाला?" ते गोंधळले. "स्कोअर ना... थांबा... दोन-एक? की एक-एक? हमीदला विचारतो." खरोखरच त्यांना आठवत नव्हतं. दिवसरात्र प्रवास करून पाहिलेल्या सामन्याचा स्कोअर ते घरी येईपर्यंत विसरून जायचे, आणि त्या आजीबाईंच्या साडीचा काठ त्यांच्या लक्षात असायचा.

मग एका वर्षी ते आणि हमीदभाई पुन्हा कलकत्त्याला गेले. जायच्या दिवशी भाभींनी ठेपले लाटले. मला पण चार दिले. सूनबाई मोक्षाला घेऊन माहेरी गेली होती. सामन्याच्या दिवशी महेंद्र माल घेऊन रावेरला गेलेला. दिवे लागायच्या वेळी माझं दार वाजलं. भाभी उभ्या होत्या, पदराने कपाळ पुसत. "ज्योती, मला जरा बरं वाटत नाहीये," म्हणाल्या. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, खालून रिक्षा आणली. रिक्षात त्या माझ्या खांद्यावर टेकल्या. "दार लावलं ना?" असं विचारलं. लावलं होतं. दवाखान्यात त्यांना आत नेलं आणि थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर बाहेर येऊन माझ्याशी बोलला. तो काय बोलला ते मला नीट आठवत नाही. त्याच्या सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग होता, तो आठवतो.

महेंद्रला फोन केला. तो निघाला. मग कांतीभाऊंना केला. मागे इतका गोंगाट होता की मला ओरडून बोलावं लागलं. अशी गोष्ट ओरडून सांगावी लागली. मी म्हटलं, "कांतीभाऊ, ऐकू येतंय का? भाभी गेल्या."

ते म्हणाले, "हां."

मग विचारलं, "तिने खाल्लं होतं का?"

सूर्य मावळून गेला होता. मला त्यांचा प्रश्न कळला. मी म्हटलं, "चार वाजता खिचडी खाल्ली होती. मला म्हणाल्या होत्या."

"बरं," ते म्हणाले. "महेंद्रला सांगा, माझ्यासाठी थांबू नका." आणि फोन बंद झाला.

पुढचं मला हमीदभाईंनी सांगितलं, बऱ्याच दिवसांनी, त्यांच्या दुकानात. "ताई, मेरे को मालूमच नाही. फोन आला, त्यांनी कानाला लावला, खिशात ठेवला. मी विचारलं, कोण? म्हणाले, घरून. मी समजलो दुकानाचं काही असेल. फिर वैसे ही बैठे, हात मांड्यांखाली. पूरा दूसरा हाफ. एक गोल झाला, सगळं स्टेडियम उभं राहिलं, हे बसून. मला वाटलं, पाय दुखत असतील. बाहेर आलो, गर्दीत चालताना म्हणाले, 'हमीद, पुष्पा गेली.' मैंने पूछा, किधर गई?" हमीदभाई वाकड्या बोटांनी बॅटरीवरची धूळ पुसत राहिले. "मी असं विचारलं ताई. किधर गई."

गाडी दुसऱ्या दिवशीची मिळाली. ते पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. घरात पाहुणे बसलेले. हमीदभाई त्यांची बॅग घेऊन दारापर्यंत आले, आत आले नाहीत. कांतीभाऊंनी सँडल काढून जागेवर ठेवले, हातपाय धुतले आणि महेंद्रच्या शेजारी येऊन बसले. महेंद्र त्यांच्याकडे वळला नाही. बॅग कोणीतरी आत नेऊन उघडली, तर ठेपल्यांचा डबा रिकामा होता आणि स्वच्छ धुतलेला. त्यावरून बायकांच्यात कुजबुज झाली. एवढं झाल्यावर माणसाच्या घशाखाली अन्न कसं उतरलं, असं त्यांच्या मावसबहिणीने मलाच विचारलं. मीही त्या रात्री दवाखान्यातून घरी येऊन भाभींनी दिलेले ठेपले खाल्ले होते.

सामना शेवटपर्यंत पाहिल्याचं घरात कळायला फार दिवस लागले नाहीत. त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, कोणी न विचारता, जेवताना. महेंद्र ताटावरून उठला. त्यानंतर त्या घरात भांडण असं झालं नाही. महेंद्र वडिलांशी बोलेनासा झाला. "दुकानाची किल्ली", "डॉक्टरची वेळ" असं तेवढ्यापुरतं. हॉलमधला टीव्ही त्याच्या खोलीत गेला. हमीदभाईंनी सामन्यांना जाणंच सोडलं.

मी एकदाच धीर करून विषय काढला. गच्चीवर ते पापड वाळत घातलेल्या चादरीजवळ कावळे हाकलत बसले होते. पूर्वी हे काम भाभींचं. म्हटलं, "कांतीभाऊ, लोक काहीही बोलतात. तुम्ही मनावर घेऊ नका."

"लोक बरोबर बोलतात," ते म्हणाले. आवाजात काही नव्हतं. दोरीचा भाव सांगावा तसं. "ताई, फोन ठेवला. समोर खेळ चालू होता, तर पाहिला. रडायला पाहिजे होतं, उठायला पाहिजे होतं. कळत होतं मला. पण पाहत राहिलो. अजून डोळ्यांसमोर आहे सगळं. कोणी कोणाला पास दिला, कितव्या मिनिटाला गोल झाला. एक-शून्य. माणसं नाही आठवत. माझ्या पुढे कोण बसलं होतं, विचारा. नाही सांगता येत."

मग कावळा आला म्हणून उठले.

दोनेक वर्षं अशीच गेली. ते दुकानात जायचे, यायचे. मग मोक्षाच्या शाळेत मुलींचा बेसबॉलचा संघ निघाला. तिला शाळेच्या मैदानावर संध्याकाळी नेणं-आणणं महेंद्रला जमेना, सुनेला जमेना. ते काम कांतीभाऊंकडे आलं. पहिल्या दिवशी परत आले तेव्हा मी जिन्यात भेटले. "कसा आहे खेळ?"

"विचित्र," ते म्हणाले. "एक जण फेकतो, एक जण मारतो, बाकीचे उभे. मग थांबतात. परत फेकतो. परत थांबतात."

"कंटाळा आला असेल."

"नाही." त्यांनी जिन्याचा कठडा धरला. "फुटबॉलमध्ये सारखं काहीतरी होत असतं. यात बराच वेळ काही होत नाही. ते बरं वाटतं."

ते रोज जायला लागले. एका कडेला, दगडावर, हात मांड्यांखाली. एकदा मला म्हणाले, "पोरगी जीव तोडून पळते, चारी कोपरे फिरते आणि शेवटी जिथून निघाली तिथेच येते. आणि याचा पॉइंट देतात!" त्यांना हे अजबच वाटत होतं. हसले मात्र नाहीत. मोक्षा विकेटकीपरसारखी मागे बसायची, मुखवटा आणि छातीला पॅड बांधून. चेंडू अंगावर घ्यायचा, आणि उठून परत द्यायचा. गुडघे काळेनिळे व्हायचे. रोज संध्याकाळी कांतीभाऊ बर्फ आणायचे. पोरगी पाय पसरून बसायची, ते बर्फ रुमालात गुंडाळून द्यायचे. दोघं फार बोलत नसत. मी दार लोटून घ्यायचे.

एकदा मोक्षाने मला विचारलं, "आंटी, दादी कशा बोलायच्या? दादाजी सांगत नाहीत." मी दोन-चार गोष्टी सांगितल्या. आजीबाईंची आणि नळाची पण सांगितली. ती पोट धरून हसली. आत कांतीभाऊ पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

निवृत्त झाल्यावर मी धुळ्याला बहिणीकडे राहायला आले. वर्षभरात कांतीभाऊंचे एक-दोनच फोन. मग गेल्या हिवाळ्यात मोक्षाचा फोन आला: शाळांचे सामने धुळ्याला आहेत, दादाजी बरोबर येतायत, तुम्ही याच. मी गेले.

मैदान गावाबाहेर होतं, कडेला काटेरी बाभळी. कांतीभाऊ खुर्चीत बसले होते. फार वाळले होते. शर्ट तोच पांढरा, पण खांद्यांवरून उतरलेला. मला पाहून उठायला लागले, मी बसवलं.

"कसे आहात?"

"चालू आहे."

"महेंद्र बोलतो का?"

"बोलतो. आज बसस्टँडवर सोडायला आला होता. पाण्याची बाटली घेऊन दिली." मग मैदानाकडे पाहत म्हणाले, "थंड नको म्हटलं, तर बदलून आणली."

सामना सुरू होता. मोक्षा मुखवट्यामागे बसलेली. मला खेळातलं काही कळत नव्हतं, त्यांनी समजावूनही सांगितलं नाही. नुसते बसून राहिलो. ऊन बरं वाटत होतं. एका मुलीने चेंडू मारला तो मागे उंच गेला आणि आमच्या डोक्यांवरून थेट बाभळीत पडला. दोन मुली धावत गेल्या, काट्यांपाशी थबकल्या. खेळ थांबला.

कांतीभाऊ उठले. मला वाटलं, पाय मोकळे करतायत. पण ते सरळ बाभळीकडे चालायला लागले. मैदानाचा राखणदार, एक म्हातारा, तिथेच विडी ओढत बसला होता. तो अहिराणीत ओरडला, "आबा, तठे जाऊ नका! काटा शेतस बठ्ठा. दुसरा बॉल शे त्यासना जोडे."

कांतीभाऊंनी हात वर केला, ऐकल्यासारखा. थांबले नाहीत. फांदी बाजूला करून आत शिरले.

पंचांनी दुसरा चेंडू काढला. मोक्षाने एकदा मागे वळून पाहिलं, मुखवटा वर केला, परत खाली ओढला आणि बसली. खेळ सुरू झाला. मी हाक मारली, "कांतीभाऊ, मिळाला त्यांना, या तुम्ही!" शर्टाची बाही काट्याला अडकली होती, ती त्यांनी दुसऱ्या हाताने हळूहळू सोडवली आणि आणखी आत गेले.

बहिणीला दवाखान्यात न्यायचं होतं, मला निघावं लागलं. राखणदाराला म्हटलं, "बाबा, त्यांच्याकडे लक्ष ठेवा." तो म्हणाला, "ठेवस माय, तू जाय." रस्त्यावर रिक्षा मिळाली. रिक्षा वळताना मागे पाहिलं. मैदानावर मुली ओरडत होत्या, कोणीतरी पळत होतं. बाभळीत एक पांढरी पाठ दिसत होती, वाकलेली. ते पायाने पाचोळा बाजूला करत होते, वाकून पाहत होते, परत बाजूला करत होते.